कोरे ठिगळ

देवरेबाईंनी माझी ओळख करून घेतली ती माझा स्कर्ट उलटा करून. आठवीच्या पहिल्या आठवड्यात, शिवणाच्या तासाला, त्या माझ्या बाकाशी थांबल्या. नाव विचारले नाही, टक्के विचारले नाहीत. वाकून माझ्या निळ्या स्कर्टची मुडप दोन बोटांत धरली आणि झटकन उलटली. मागच्या बाकावरच्या मुली फिसकन हसल्या. खडू, शिवणयंत्राचे तेल आणि कोऱ्या मांजरपाटाची खळ, असा तिपेडी वास माझ्या नाकाशी आला. पुढे आयुष्यभर तो मला त्यांच्याच नावाने आठवणार होता. मुडपीच्या आत आईने हिरव्या दोऱ्याने घातलेली हातशिलाई होती. बाईंनी ती नखाने चाचपली.

"आई लासलगावकडची का गं?"

मी चकित. "हो. तुम्हांला कसं कळलं?"

"दाभणानं कांद्याच्या गोणीचं तोंड शिवतात, तो टाका आहे हा. दिसायला ओबडधोबड, पण सुटायचा नाही. सुलट बाजू साऱ्या जगाला दिसते, माय. शिवणारीनं उलट बाजू बघावी."

ही त्यांची खोड होती. हाती येईल ती वस्तू त्या उलटून पाहत: पिंपळाचे पान, परीक्षेची उत्तरपत्रिका, पाहुणीच्या साडीचा काठ, डोंगरावरचा धोंडा. ठेंगण्या, सावळ्या, गळ्यात हारासारखी मोजपट्टी आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या. त्यामुळे त्यांचे अर्धे बोलणे शब्दांत येई आणि अर्धे भुवयांत. माहेर सटाण्याकडचे. शाळेत त्या नेटकी पुस्तकी मराठी बोलत, पण आनंद अनावर झाला की टाचण्या हातात घेत आणि अहिराणीत शिरत. मग 'आहे'चे 'शे' होई, 'इथे'चे 'आठे' आणि 'तिथे'चे 'तठे'. बाईंच्या तोंडून 'शे' ऐकू आले, की काहीतरी मोठे घडले आहे असे आम्ही समजत असू.

नव्वदचे दशक नुकते उजाडले होते. आम्ही नववीत गेलो आणि भूगोलाच्या बाई बदली होऊन गेल्या. त्यांच्या जागी कोणी येईना. तेव्हा मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, देवरेबाईंना म्हणाल्या, "शिवणाच्या तासाला मुली तशाही गप्पाच मारतात. भूगोल तुम्हीच घ्या, तात्पुरता." बाईंनी ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक नेले. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या त्या जवळजवळ धावतच.

"पोरींनो, पृथ्वीला प्लेटा आहेत! छापलंय तसं! म्हणजे हे खातं माझंच झालं की!"

आमच्यातली हुशार कुलकर्णी उठून उभी राहिली. "बाई, त्या स्कर्टच्या प्लेटा नव्हेत. ह्या प्लेटा म्हणजे पट्ट. जमिनीचे मोठमोठे सरकते पट्ट."

वर्गात हशा पिकला. बाई लाजल्या, पण क्षणभरच. त्यांनी टेबलावर मांजरपाटाचा तुकडा पसरला, दोन्ही तळवे दोन टोकांना ठेवले आणि हळूहळू मध्ये सरकवले. कापड कुरकुरले, उचलले गेले, एकामागून एक उंच चुण्या उभ्या राहिल्या. खिडकीतले ऊन त्यांच्या माथ्यावर पडले आणि खाली निळसर दऱ्या झाल्या. हसणे थांबले.

"हा आपला देश, तो वर जाऊन आशियाला धडकला. आणि हा हिमालय," बाई म्हणाल्या. "कुलकर्णी, चूक माझी. पण चुणी खरी."

त्या दिवसापासून आम्हांला भूगोलाचे वेड लागले. बाई सांगत, एके काळी दक्षिणेकडची सगळी भूमी एकाच अंगाची होती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर आणि आपण, सगळे एकमेकांना चिकटून. तिचे नाव गोंडवन. "साऱ्या जगाच्या पुस्तकांत त्या खंडाला नाव आहे ते आपल्याकडच्या गोंडांच्या रानाचं," हे सांगताना त्यांचा चेहरा लग्नघरातल्या वरमाईसारखा फुलून येई. मग ती भूमी फुटली, असे कोणी म्हणाले की त्या ताडकन अडवत. "फाटलं म्हणू नका. उसवलं म्हणा. फाटलेल्या कापडाच्या कडा वेड्यावाकड्या, त्या कुणाच्या कुणाला ओळखत नाहीत. उसवलेल्या कडांना शिवण आठवत असते. टाक्यांची भोकं समोरासमोर येतात."

मी तेव्हा वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहीत असे. 'उसवलेल्या कडांना शिवण आठवत असते' हे वाक्य मी तिथेच उतरवून घेतले आणि त्यापुढे माझी सगळी यमके मला फिकी वाटू लागली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी गोधडी आणली. तशी गोधडी मी पुन्हा कधी पाहिली नाही. मालेगावच्या मागावरचे उरलेसुरले तुकडे त्यांनी भावाकडून मागवले होते. विटकरी आफ्रिका, गर्द हिरवी दक्षिण अमेरिका, पांढऱ्या मलमलीची अंटार्क्टिका, मोहरीच्या फुलासारखी ऑस्ट्रेलिया. भारत निळ्या-हिरव्या चौकडीचा. आणि त्याच्या पश्चिमेला, सदऱ्याच्या गुंडीपेक्षा जेमतेम मोठी, सेशेल्सची बेटे. हे सारे तुकडे टिचबटणांनी एकमेकांना जोडलेले. प्रत्येक जोडावर बाईंनी एकेक आकृती कातरून अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे शिवली होती. बटणे लावली की आकृती पुरी व्हायची. भारत आणि ऑस्ट्रेलिया जुळले की जिभेच्या आकाराचे एक पान पूर्ण होई. त्या झाडाचे ठसे दोन्हीकडच्या कोळशात मिळतात. भारत आणि अंटार्क्टिका जुळले की डुकराएवढा, दोन सुळ्यांचा सरपटणारा प्राणी. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका जुळले की फुप्फुसाने श्वास घेणारा मासा, जो आजही दोन्हीकडच्या डबक्यांत आहे.

"आठे?" बाई एका तुकड्यावर बोट ठेवत विचारीत.

"शे!" आम्ही ओरडत असू.

"तठे?"

"तठेबी शे!"

मग बाई दोन हातांनी ओढत. टिच. टिच. टिच. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. पंचेचाळीस मुली श्वास रोखून बसलेल्या, आणि कोट्यवधी वर्षांचे अंतर त्या एवढ्याशा आवाजात सरकून जायचे. पान अर्धे राही, मासा अर्धा राही, मध्ये टेबलाचे लाकूड दिसू लागे. तो समुद्र.

"आता बघा गंमत," त्या म्हणत. "तागा एकच. पण तुकडे वेगवेगळ्या घरी गेले. कुणी त्याचं झबलं शिवलं, कुणी बंडी. ऑस्ट्रेलियाच्या घरात पोटाला खिसा लावायची फॅशन होती. ते घर एकटं पडलं, बाहेरचं कोणी टोकायला आलं नाही, म्हणून ती टिकली. आज तिथे खिसेवाले चरतात, खिसेवाले झाडावर चढतात, खिसेवाले शिकार करतात. दूर गेल्यानंच घराणी निराळी होतात, माय. जवळ राहिलं असतं तर सगळ्यांनी एकमेकींचंच बघून शिवलं असतं."

गोधडीत एकच जागा मोकळी होती. भारताची पश्चिम कड आणि सेशेल्स यांच्या जोडावर कोणतीही आकृती नव्हती. तिथे कोऱ्या पांढऱ्या कापडाचे एक ठिगळ सेफ्टी पिनेने टाचलेले होते. बाई तिथे बोट ठेवून "आठे?" म्हणत, तेव्हा वर्ग गप्प होई.

तिथे कोण, असे मी एकदा विचारले. उत्तर देण्याऐवजी बाईंनी आम्हांला पांडवलेण्यांच्या डोंगरावर नेले. पायथ्याच्या गवतात त्यांनी एक काळा धोंडा दोन्ही हातांनी उलटा केला. उन्हात तापलेल्या दगडाचा कोरडा, गंधकासारखा वास आला. धोंड्याच्या पोटात एक पोकळी होती आणि तिच्यात साखरेच्या खड्यांसारखे शुभ्र स्फटिक लखलखत होते. मुली किंचाळल्याच.

"आपला तुकडा समुद्रातून एकटाच निघाला होता," बाई म्हणाल्या. "आधी मादागास्कर सुटलं. शेवटी सेशेल्स सुटलं, आणि त्याच सुमाराला जमिनीतून आग निघाली. थरावर थर. हा सह्याद्री, हे आपलं नाशिक, सगळं त्या थिजलेल्या आगीवर बसलंय. उसवतानाची आग आहे ही." त्यांनी स्फटिकांवरून बोट फिरवले. "एवढ्या आगीतून जुन्या घरचं कोणी वाचलं का? हाडं नकोत मला, ठसे नकोत. जितंजागतं. आठेबी असेल आणि समुद्रापार तठेबी असेल, असं कोणी? मी शोधतेय. सापडेपर्यंत ठिगळ कोरं."

पुढच्याच महिन्यात शाळेची तपासणी झाली. तपासणीसाठी आलेले साहेब सभ्य होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी भिंतीवर टांगलेली गोधडी लक्षपूर्वक पाहिली, आकृत्यांची माहिती विचारली आणि मग चष्मा पुसत कोऱ्या ठिगळाकडे बोट केले.

"आणि इथे?"

पंचेचाळीस माना बाईंकडे वळल्या.

"ठाऊक नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

शिक्षकाच्या तोंडून 'ठाऊक नाही' आम्ही प्रथमच ऐकत होतो. साहेबही बहुधा प्रथमच. "आपल्या देशाच्या तुकड्यावर तुमच्याकडे सगळे मेलेले साक्षीदार आहेत, बाई. जिवंत एकही नाही. उत्तर नसलेला प्रश्न वर्गात टांगू नये. मुलींचा गोंधळ होतो."

"ठिगळ झाकलं, तर त्या उलट बाजूनं बघतील, साहेब."

"मग शिवणच शिकवा ना. ते तुम्हांला उत्तम येतं."

ते हे टोचून बोलले नाहीत. खरोखरच स्तुती करावी तसे बोलले. म्हणूनच ते जास्त लागले. सोमवारी भूगोलाला दुसऱ्या बाई आल्या. देवरेबाईंनी गोधडी उतरवली, टिच टिच करत सगळे खंड सुटे केले, एकावर एक रचले. मी मदतीला उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून त्या म्हणाल्या, "रडतेस काय? त्यांनी प्रश्न बरोबरच विचारलाय. आता ठिगळ भरल्याशिवाय ही भिंतीला लागायची नाही. भरलं, की ह्याच वर्गात लावीन."

पुढे मी मराठी घेऊन एम.ए. झाले, कॉलेजात कविता शिकवू लागले. बाई निवृत्त होऊन इंदिरानगरला भावाच्या घरी राहायला गेल्या. दर दिवाळीच्या आधी मी त्यांना भेटायला जाई. दारातच, मी चप्पल काढण्याआधीच, प्रश्न येई, "कोणी सापडलं का गं?" जणू घरातले कोणी जत्रेत हरवले होते. मी नाही म्हणत असे. "सापडेल," त्या म्हणत. "घाई कुणाला आहे?"

घाई होती. बाईंना काचबिंदू झाला होता. दर वर्षी त्यांना दिसणारे जग चहूकडून आत सरकत होते. "डोळ्यांची मुडप आत आत येतेय बघ," त्या हसून सांगत. सुई सुटली, मग वाचन सुटले, मग समोरच्याचा चेहराही ओळखू येईना; आवाजाच्या दिशेने त्या मान वळवू लागल्या. एकदा म्हणाल्या, "वैजू, ठिगळ भरायच्या आधी माझे डोळे पुरते गेले, तर दोरा तू ओवायचास. कबूल?" मी कबूल म्हटले. मनातून मात्र ती आशा मी सोडून दिली होती. आणि ती सोडल्याचे त्यांना कळू नये, म्हणून दर वर्षी थोडे मोठ्याने हसत होते.

नवे शतक तीन-चार वर्षांचे झाले होते. दिवाळी चार दिवसांवर आली होती. सकाळीच बाईंच्या भावजयीचा, रत्नावहिनींचा फोन आला. "वैजू, आहेस तशी ये. आमच्या वन्सं चप्पल घालून ओट्यावर उभ्या आहेत, काही केल्या आत यायला तयार नाहीत!"

मी पोचले तेव्हा साऱ्या आळीत चकलीच्या तळणाचा खमंग वास कोंदला होता आणि बाई खरोखरच ओट्यावर उभ्या होत्या. काखेत छत्री, हातात पाण्याची बाटली, गळ्यात मोजपट्टी.

"आलीस? रिक्षा थांबव. सोडू नकोस."

"कुठे जायचंय, बाई?"

"बेडूक बघायला! नाशिकात सापडलाय! लाखो-करोडो वर्षांचं जुनं घराणं, पेपरात आलंय! पांडवलेण्यांकडेच असणार, मी म्हणत नव्हते?"

वहिनी झारा हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या. "अगं, नावच तसं आहे ना त्याचं. नासिका... पुढचं इंग्रजी वळण मला काही उच्चारता येईना. पण नाशिक मला वाचता येतं की!"

मी पेपर घेतला. आतल्या पानावरची चौकट होती. जांभळ्या रंगाचा, फुगलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा एक बेडूक, आणि त्याला वराहासारखे पुढे निघालेले टोकदार नाक. मी दोन ओळी वाचल्या आणि माझा आवाज उतरला.

"बाई... नासिका म्हणजे नाक. नाकावरून नाव ठेवलंय त्याचं. नाशिकचा नाही हा. केरळातल्या डोंगरात सापडला."

छत्रीचे टोक फरशीवर टेकले. आत कढईत तेल चरचरत होते. वहिनींचा चेहरा ओशाळला. "माझंच चुकलं, वन्सं," त्या पुटपुटल्या.

काहीतरी बोलायचे म्हणून मी पुढे वाचत गेले. हा बेडूक आजवर ओळखीच्या असलेल्या कोणत्याही बेडकांच्या कुळात बसत नाही. त्याचे सर्वांत जवळचे भाऊबंद या देशात कुठेही नाहीत. ते आहेत समुद्रापार, से... माझी जीभ अडखळली. मी ती ओळ पुन्हा पाहिली.

"काय गं? का थांबलीस?"

"सेशेल्स बेटांवर. बाई, सेशेल्स!"

बाईंनी माझा दंड घट्ट धरला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावले. मग अगदी हळू विचारले, "जिवंत?"

"जिवंत. वर्षातले थोडेच दिवस तो वर येतो. बाकी सगळा काळ जमिनीच्या पोटात राहतो, म्हणून इतकी वर्षं शास्त्रज्ञांच्या हाती लागला नाही. तिथल्या डोंगरातल्या लोकांना तो आधीपासूनच माहीत होता म्हणे."

"असणारच. त्यांना कोणी विचारलं नसेल." आणि मग बाईंच्या चेहऱ्यावर हसू असे पसरले की त्या एकदम नववीच्या वर्गात उभ्या असल्यासारख्या दिसू लागल्या. "म्हणजे उलट बाजूला राहतो गं तो! आम्ही सगळे सुलट बाजूला शोधत बसलो! आगीतून वाचला, एवढा समुद्र ओलांडून तुकड्याबरोबर आला, आणि खाली गप्प बसून राहिला. काय सांगी राहिनी तू, माय! शे! आठेबी शे!"

"पण बाई, नाशिकचा नाही तो."

"नसू दे. चौकडी एकच ना? केरळ काय, नाशिक काय, एकाच कापडाची दोन टोकं." मग वहिनींच्या दिशेने मान वळवून म्हणाल्या, "आणि तू का गप्प? आपल्या गावाचं नाव तरी कशावरून पडलं म्हणतात? नाकावरूनच ना? मग सोयरा झाला तो आपला. चकल्या करपतायत बघ!"

त्या दिवशी वहिनींनी तळण अर्ध्यावर सोडले आणि ट्रंकेतून गोधडी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. जांभळे कापड घरात कुठेच नव्हते, तेव्हा वहिनींनी दिवाळीसाठी आणलेल्या नव्या खणाचा कोपरा स्वतः कातरून दिला. मी ओट्यावर बसून दोरा ओवला. शिवणात मी कायमची कच्ची. बाई शेजारी बसून आंधळ्या बोटांनी माझ्या बोटांमागून चालत होत्या. "टाका लांब पडला. उसव. हां, आता घे." बेडूक मधोमध कातरून अर्धा भारताच्या कडेला लावला, पण उरलेला अर्धा सेशेल्सवर मावेना.

"बाई, बेटापेक्षा बेडूक मोठा झाला!"

"होऊ दे. ज्याची इतकी वाट बघितली, तो मोठाच असायचा."

शेवटची गाठ मारून मी गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बेडकावरून हात फिरवला नाही. आधी ती उलटी केली. माझे टाके नखाने चाचपत त्या कडेपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"लासलगावचा टाका," त्या म्हणाल्या. "आता सुटायचा नाही."

मग त्यांनी सेशेल्सची बटणे चाचपून जागेवर बसवली. टिच. जांभळे अंग जुळले.

"आठे?" त्यांनी विचारले.

"शे," मी म्हटले.

"तठे?"

माझ्या आधी वहिनीच ओरडल्या, "तठेबी शे!"

दिवाळीची सुट्टी संपताच आम्ही ती शाळेत नेऊन लावली. त्याच वर्गात, त्याच खिळ्यावर. तिथपर्यंत हात पोचावा म्हणून बाई स्टुलावर चढल्या होत्या आणि मी त्यांची कंबर धरली होती. त्यानंतर तीन वर्षांनी बाई गेल्या. गोधडी अजून तिथेच आहे. उन्हाने ऑस्ट्रेलियाची मोहरी फिकी झाली आहे, चौकडीचे निळे विटले आहे. पण सर्वांत जास्त मळली आहे ती खालची कड. ती धुवायला काढावी का, असे तिथल्या नव्या बाईंनी मला परवा विचारले. मी नको म्हटले. दर वर्षी नववीतली कोणी ना कोणी मुलगी, कोणी न सांगता, ती कड दोन बोटांत धरते आणि उलटून पाहते.